तिसरा दांडा

तो दांडा कशाचा, हा प्रश्न जीपमध्ये पहिल्यांदा बसणारा प्रत्येक माणूस विचारायचा आणि मग पस्तावायचा. कारण उत्तर द्यायला आमचे घरमालक गाडी थांबवत. रस्त्याच्या कडेला घेत, इंजिन बंद करत, आणि तुमचं साकोलीत कितीही निकडीचं काम असो, आधी बैलबंडीपासून सगळं ऐकावं लागे.

"बंडीले बैल कुठं जुपते?" ते विचारत.

"समोर."

"मांगं काहून नाई जुपत?"

यावर आजवर कुणी उत्तर दिलेलं मी ऐकलं नाही. ते तेवढ्यावरच खूश होत.

"मंग? ह्या जीप बनवनाऱ्यानं बैल मांगं जुपला ना बाप्पा. मांगचे चाकं ढकलते अन् समोरचे फुकटात जाते. मी बैल समोर आनला. बस, येवढंच."

येवढंच म्हणून ते थांबत नसत हे वेगळं.

जुन्या जीपची रीत अशी, की इंजिनाची ओढ मागच्या चाकांना कायम असते. चिखलात, जंगलात गरज पडली तर एक दांडा ओढून पुढची चाकंही कामाला लावता येतात. दुसऱ्या दांड्यानं वेग कमी होऊन जोर वाढतो. दांडे दोनच. आमच्या घरमालकांनी त्यात स्वतः घडवलेला तिसरा दांडा बसवला होता, आणि तो ओढला की मागच्या चाकांची ओढ सुटायची. मग डांबरी रस्त्यावर जीप फक्त पुढच्या चाकांनी चाले. मागची चाकं नुसती फिरत. जगात अशी सोय कुणाला हवी होती, हे मला आजही सांगता येणार नाही. पण त्यांना ती हवी होती, आणि त्यांच्याजवळ हातोडी होती.

दांड्याची मूठ फावड्याच्या दांड्याची होती. तिन्ही मुठींवर त्यांनी पांढऱ्या रंगानं एकेक शब्द लिहिला होता. पहिल्यावर 'समोर', दुसऱ्यावर 'जोर' आणि तिसऱ्यावर 'आराम'. एकदा साकोलीच्या चौकात एका वाहतूक पोलिसानं आत वाकून तो शब्द वाचला आणि विचारलं, "आराम कुनाले? गाडीले का तुमाले?"

"मांगच्या चाकाले," ते म्हणाले. "साहेब, तुमाले पाच मिनिटं हायेत का?"

पोलिसाला नव्हती. पण त्याला ती काढावी लागली.

ते फाल्गुनात गेले. त्यांच्याबद्दल लिहायचं मनात होतं, पण मी मुळातच सावकाश लिहिणारी, त्यात एकेक वाक्य लिहून थांबत गेले. त्यांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "लिवा, पन रडकं नोका लिवू. त्यायले बेअरिंगशिवाय दुसरं काही रडलेलं चालत नव्हतं."

मी बारा वर्षांपूर्वी साकोलीच्या महाविद्यालयात ग्रंथपाल म्हणून आले. गावात खोली मिळेना, तेव्हा कुणीतरी जवळच्या एकोडी गावातलं हे घर सुचवलं. भाताच्या बांध्यांच्या, म्हणजे खाचरांच्या, कडेला, पुढं ओटा, मागं सांदवाडी म्हणतात ते परसू, आणि सांदवाडीत टिनाच्या छपराखाली ती जीप. घरमालक जीपखाली होते. फक्त पाय दिसत होते. भर दुपारी त्या पायांच्या पलीकडून उजेड येत होता, कारण जीपखाली जाताना ते चिखला गावच्या खाणीतलं दिव्याचं हेल्मेट घालत. खाणीच्या गाड्यांवर ते आयुष्यभर फिटर होते. निवृत्तीनंतर खाणीच्या लिलावातली ही जीप आणि हे हेल्मेट, एवढंच घेऊन ते गावी परतले होते.

माझं नाव, गाव, नोकरी हे सगळं काकूंनी विचारून झाल्यावर जीपखालून आवाज आला.

"वजन किती हाये?"

मला वाटलं, जीपच्या एखाद्या भागाबद्दल असेल.

"तुमाले विचारून राहिलो, मॅडम. वजन."

काकूंनी कपाळावर हात मारला. "अहो, बाईमानसाले कोनी वजन विचारते का?"

"समोर बसवासाठी विचारून राहिलो. बैलावर ओझं पाह्यजे ना. हलकं मानूस समोर बसवून काय फायदा?"

मी वजन सांगितलं. पाय थोडा वेळ हलले नाहीत. मग म्हणाले, "चालते. खोली द्या त्यायले."

अशी मला खोली मिळाली. रोज सकाळी त्यांना साकोलीला चक्कर मारायचीच असे, कधी बोल्टसाठी, कधी निव्वळ चहासाठी, आणि मला ते बरोबर नेत. बदल्यात माझ्याकडे एक काम होतं. जीपच्या हँडब्रेकवर वरच्या गिअरपेटीतलं तेल गळायचं आणि तो धरत नसे. जगातलं सगळं त्यांनी दुरुस्त केलं असतं, पण ते तेल त्यांनी कधी थांबवलं नाही. म्हणायचे, "तेल गळते म्हंजे आत तेल हाये. गळनं बंद झालं का मंग घाबरावं." त्यामुळे गाडी थांबली की कुणीतरी उतरून चाकाला दगड लावणं भाग होतं. तो दगड आसनाखाली असे. एका बाजूनं सपाट, दुसरीकडे पाचरीसारखा उतरता, चांगला नारळाएवढा.

"मॅडम, गोटा!"

ही हाक मी दहा-अकरा वर्षं ऐकली. बाजारात, दवाखान्यापुढं, एकदा तर प्राचार्यांच्या देखत महाविद्यालयाच्या फाटकात. मी एका हातात पुस्तकं आणि एका हातात गोटा घेऊन, साडी सावरत जीपला वळसा घालायची. सुरुवातीला लाज वाटली. पुढं इतकी सवय झाली की नागपूरला भावाच्या मोटारीतून उतरल्यावरही माझा हात आसनाखाली गेला.

प्रवाशांकडून त्यांची एकच अपेक्षा असे. 'आराम'चा दांडा ओढला की ते मान वळवून विचारत, "फरक समजला का?" नाही म्हणणाऱ्याला पुन्हा सगळा प्रयोग दाखवला जाई, म्हणून लोक घाईनं हो म्हणत. फक्त यादोराव म्हणायचे, "समजला ना भाऊ. पोटात समजला."

यादोराव मासेमार सोसायटीचे सचिव. गावापलीकडं, जंगलाला लागून मोठा जुना तलाव आहे, त्यावर ढिवर मोहल्ल्यातली सगळी घरं जगतात. यादोरावांचं आणि मालकांचं लहानपणापासून सख्य, म्हणजे दोघं एकमेकांना बोलल्याशिवाय राहत नसत. तिसऱ्या दांड्यावर तर यादोरावांचा खास राग होता.

"भाऊ, ह्या दांड्यानं भाजी ढवळता का घरी?"

"तुले नाई समजनार. तू पान्यातला मानूस."

"पान्यातला हावो म्हनून त विचारून राहिलो. डोंग्याले दोन वल्हे असते. तिसरं कोनी ठेवत नाई."

"तिसरं असतं त तुझा डोंगा मांगच्या वर्साले बुडाला नसता."

हे असं ओट्यावर बसून, चहाचा दुसरा कप येईपर्यंत चाले.

जीपबरोबर लिलावात एक जाडजूड इंग्रजी पुस्तकही आलं होतं, गाडीची निगा कशी राखावी याचं. पानांना ग्रीसचा वास. ते त्यांना वाचता येत नव्हतं, आणि वाचल्याशिवाय त्याच्याशी भांडता येत नव्हतं. म्हणून संध्याकाळी ओट्यावर मी एकेक परिच्छेद मराठीत सांगायची आणि ते डोळे मिटून ऐकायचे. मधेच डोळे उघडून म्हणायचे, "हे लिवनारा कधी चिखलात गेला नाई." किंवा, "हा मानूस बरा दिसते. याचं नाव काय?" नाव कुठं लिहिलेलं नसे. त्यांना फार वाईट वाटे.

पुस्तक संपलं तेव्हा ते अस्वस्थ झाले. तिसऱ्या दांड्याबद्दल त्यात अक्षर नव्हतं, असणारच नव्हतं. दोन दिवस विचार करून त्यांनी मला कागद घ्यायला लावला आणि ते सांगत गेले तसं मी लिहिलं. शीर्षक, 'तिसरा दांडा : वापर व काळजी'. नियम पहिला, सपाट सडकेवर मागच्याला आराम द्यावा. नियम दुसरा, चिखल दिसताच आराम संपवावा. नियम तिसरा, दांडा ओढण्याआधी गाडीत बसलेल्यांना सांगावं, एकदम ओढून घाबरवू नये. असे सहा नियम. तो कागद मी पुस्तकाच्या शेवटी खळीनं चिकटवला. सवयीनं त्यावर दाखल क्रमांकही टाकला.

लिहिता लिहिता मला राहवलं नाही. मी म्हणाले, "काका, किती खरं आहे. मागचं सोडल्याशिवाय माणसाला पुढं जाताच येत नाही."

ते माझ्याकडं बघत राहिले.

"मॅडम, मी गाडीचं सांगून राहिलो."

"हो, पण..."

"गाडीचंच लिवा. मांगचं सोडाचं कोन म्हनते? मांगच्याले आराम द्याचा हाये. वेळेवर तोच लागते."

आतून काकूंचा हसण्याचा आवाज आला. त्यानंतर त्यांच्या बोलण्याला अर्थ चिकटवण्याच्या भानगडीत मी पडले नाही.

गाडी चालवायला मला त्यांनीच शिकवलं. उन्हाळ्यात, भात निघाल्यावर मोकळ्या पडलेल्या बांध्यांमध्ये. नुसत्या पुढच्या चाकांवर जीप वळवली की स्टिअरिंग हाताला हिसका देतं, नवख्या बैलाच्या कासऱ्यासारखं. मी बांधाच्या धुऱ्याला धडकले, उकिरड्यात गेले, एकदा काकूंचं वाळवण तुडवलं. ते कधी रागावले नाहीत. "गाडीकडं पुस्तकासारकं नोका पाहू. आयका. ते सांगते." मला बरेच महिने काही ऐकू आलं नाही. मग एके दिवशी आलं.

आता ती तलावाची गोष्ट, मी आल्यानंतर तिसऱ्या वर्षीची.

आदल्या उन्हाळ्यात तलाव तळाला गेला होता, होते नव्हते ते मासे संपले होते. श्रावणात पाणी भरलं, पण रिकामं पाणी घेऊन ढिवर मोहल्ला काय करणार? सोसायटीनं बीज केंद्रावर नंबर लावला होता आणि तो लागला. मत्स्यबीज म्हणजे बोटाच्या पेराएवढी पिल्लं. पाण्याच्या मोठ्या प्लास्टिक पिशव्यांमध्ये, वर प्राणवायू भरून, तोंड आवळून देतात. तो प्राणवायू सकाळपासून फार तर दुपारपर्यंत पुरतो. तेवढ्यात पिल्लं तलावात गेली पाहिजेत. नाहीतर पुन्हा नंबर लागेपर्यंत हंगाम जातो, आणि वर्षभर जाळं खुंटीला.

भाड्याची पिकअप पिशव्या घेऊन सकाळी गावात आली. डांबरी संपली तिथं ड्रायव्हर उतरला, पुढचा चिखल पाहिला आणि म्हणाला, "याच्या समोर माही गाडी जात नाई." पिशव्या रस्त्यावर उतरवून तो गेलासुद्धा. डोक्यावरून वाहून न्यायच्या तर पिशवी फुटायची भीती, आणि जंगलाच्या वाटेनं तलाव दूर.

यादोराव आमच्या सांदवाडीत आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. त्यांनी काही बोलायच्या आत जीप सुरू झाली होती.

"मॅडम, गोटा उचला," काका म्हणाले. रविवार होता. मी उचलला.

डांबरी संपते तिथं पोचून मागं ओल्या पोत्यांवर पिशव्या रचल्या. यादोरावांच्या मावशी शेवंताबाई, सत्तरीच्या पलीकडच्या, त्या पिशव्यांमध्ये बसल्या आणि दोन्ही हातांनी त्यांना धरून राहिल्या, लेकरं धरावीत तशा. यादोराव आणि सोसायटीतले तिघं बाजूला लोंबकळले. डांबरीवर 'आराम' ओढलेलाच होता. चिखलाच्या तोंडाशी काका ओरडले, "आराम संपला!" आणि त्यांनी दांडा खाली दाबला.

वीस-पंचवीस पावलं जीप झकास गेली. मग खालून कढई खडकावर आपटावी तसा आवाज आला. पुन्हा आला. मग तर लागोपाठ, पायाखालचा पत्रा फोडून काहीतरी वर येतं की काय असा. त्यांनी एका झटक्यात तिसरा दांडा ओढला. आवाज थांबला.

"गोटा!"

मी चिखलात उडी मारून गोटा लावला. ते हेल्मेट घालून जीपखाली शिरले. म्हणजे चिखलातच शिरले. बाहेर आले तेव्हा तळहातावर तपकिरीसारखी लालसर पूड होती.

"मांगच्या शाफ्टाचा क्रॉस तुटला," ते म्हणाले, म्हणजे मागच्या चाकांना ओढ पोचवणाऱ्या लोखंडी कांबीचा सांधा. "कोरडा ठक्क होता."

"ग्रीस नव्हतं का दिलं?" यादोरावांनी विचारलं.

"नाई."

"कधीपासून?"

"दांडा बसवला तवापासून." मग फार हळू म्हणाले, "मी म्हनलं, झोपला हाये. झोपल्याले कोन तेल पाजते?"

पण तो झोपलेला नव्हता. मागची चाकं फिरत होती तसा तो त्यांच्यासोबत रोज साकोलीला जाऊन येत होता, कोरडाच. चाळीस वर्षं खाणीच्या गाड्यांना ग्रीस दिलेल्या माणसाला हे सुचलं नव्हतं, कारण आपल्याच दांड्यावर त्याचा फार जीव होता.

यादोरावांनी त्यांच्याकडं पाहिलं. मला वाटलं, आता बोलतील आणि ते लागेल. ते म्हणाले, "भाऊ, तुमच्याच दांड्यानं बिघडवलं. आता तुमचाच दांडा सुधरवते का पाहा. पोरं मरून राहिली."

मागून शेवंताबाईंचा आवाज आला. "अजून जित्ते हायेत. हालून राहिले. बोलत नोका बसू."

जाळ्याच्या दोरीनं तुटका शाफ्ट वर बांधून टाकला. मागची ओढ दांड्यानं सुटलीच होती, ती तशीच ठेवून जीप पुढच्या दोन चाकांवर सुरू केली. सगळ्यांनी मागून रेटलं. पुढची चाकं चिखल उडवत, डावीकडं उजवीकडं डोकं हलवत निघाली आणि जीप बाहेर आली. "समोर बैल! पाहा, समोर बैल!" ते स्टिअरिंगवर हात आपटून ओरडत होते. तोंडावर चिखल, मधे फक्त दात.

तलावाच्या पाळीशी, त्या उंच मातीच्या बांधाशी, मात्र त्यांचं सगळं तत्त्वज्ञान संपलं. पाळीवर चढायला एकच उतार, तोही ओला. जीपनं नाक वर केलं आणि पुढची चाकं जागच्या जागी गरगरू लागली. मागच्या पिशव्यांचं सगळं वजन मागं सरकलं होतं. दुसऱ्यांदा तेच. क्लचचा जळका वास आला. ऊन चढत होतं.

"मरून राहिले का?" त्यांनी मागं न बघता विचारलं.

"दोन उताने झाले," शेवंताबाई म्हणाल्या.

ते दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसले. मग एकदम म्हणाले, "उलार झाली बाप्पा! बंडी उलार झाली!"

मागं ओझं जास्त झालं की बंडीचं जू वर उचलतं आणि बैल अधांतरी होतात. हे इथं लहान लेकरालाही ठाऊक असतं. बैल समोर, बैल समोर करताना आमच्या काकांना तेवढं आठवलं नव्हतं.

"मंग आता?" यादोराव.

"मंग काय? बैल खालच्या अंगाले घेतो. उलटी चढवतो."

त्यांनी जीप फिरवली. पाठ पाळीकडं, तोंड आमच्याकडं. "बोनेटवर बसा रे! सगळे बसा! बैलावर ओझं पाह्यजे!" सोसायटीचे चौघे बोनेटवर चढून बसले. मला म्हणाले, "मॅडम, तुमी गोटा घेऊन बाजूनं चाला. थांबलो का समोरच्या चाकापुढं लावा. तुमचं वजन बोनेटवर पाह्यजे होतं, पन गोट्याले दुसरं कोनी नाई."

मग ती जीप उलटी पाळीवर चढू लागली. ते दारातून अर्धे बाहेर वाकून मागं बघत होते. बोनेटवर चार माणसं उताराकडं तोंड करून, वरातीतल्यासारखी. मागं, म्हणजे आता सगळ्यांच्या वर, पिशव्यांना मिठी मारून शेवंताबाई. हात-हात चढायची, थांबायची.

"गोटा!" मी लावायची.

"काढा!" मी काढायची.

पुन्हा हात-हात. मधेच यादोराव बोनेटवरून म्हणाले, "भाऊ, मले आता फरक समजला."

"चूप बस. हासू नोको, वजन हालते."

जीप माथ्यावर पोचली तेव्हा तिची मागची बाजू आपोआप पाण्याकडं होती. सरळ चढून आलो असतो तर पिशव्या उतरवायला फिरवावी लागली असती. ही गोष्ट नंतर कित्येक वर्षं त्यांनी आधीच योजल्यासारखी सांगितली आणि यादोरावांनी एकदाही खोडली नाही.

पिशव्या लगेच उघडत नाहीत. आधी तशाच पाण्यावर तरंगत ठेवतात, आतलं पाणी आणि तलावाचं पाणी सारखं होईपर्यंत. मग तोंड सोडून पिशवी आडवी करतात. पिल्लं क्षणभर तोंडाशी घुटमळली आणि मग धुराची रेघ विरावी तशी आत गेली. शेवंताबाई गुडघाभर पाण्यात उभ्या राहून प्रत्येक पिशवी उलटी करून झटकत होत्या. उताणी झालेली ओंजळभर होती. बाकी सगळी गेली.

ते काठावर उभे होते, डोक्यावर हेल्मेट, दिवा अजून चालूच. "जा बाप्पा," ते पाण्याला म्हणाले. "आता तुमचं तुमी पाहा. मले क्रॉस बदलवाचा हाये."

त्या संध्याकाळी त्यांनी मला पुस्तक आणायला लावलं. "सातवा नियम लिवा. झोपलेल्यालेही ग्रीस द्यावं." मी लिहिलं. "आठवा. मासे घेऊन पाळीवर चढाचं असन त उलटं चढावं." मी म्हणाले, "काका, हा नियम पुन्हा कुणाला लागणार?" ते म्हणाले, "तुमच्या लायब्ररीतली सगळी पुस्तकं लागते का लोकायले?"

पुढच्या वर्षी जाळं लागलं तेव्हा यादोराव पहिला मासा घेऊन आले, चांगला दोन हातांवर मावेल असा. आणि तेव्हा मला कळलं, की आमचे काका मासे खातच नव्हते. काट्यांची भीती. "तेवढ्या काट्यात मानसानं जेवावं कधी?" त्यानंतर दर वर्षी पहिला मासा यायचा, काकू रांधायच्या, काकू आणि मी खायचो, आणि ते समोर बसून लाखोळीच्या डाळीचं वरण-भात जेवत विचारायचे, "मोठा झाला का? मांगच्यापेक्षा मोठा हाये ना?" जणू त्यांनीच शाळेत घातला होता.

फाल्गुनात एका दुपारी जेवून ते ओट्यावर आडवे झाले ते उठले नाहीत. उशाशी पाना होता. तेरवीला सोसायटीची सगळी माणसं आली, जेवली, आणि जाताना एकेकजण सांदवाडीत जाऊन जीपला हात लावून आला. नागपूरहून आलेली लेक म्हणाली, आता ही भंगारात द्यावी. काकू म्हणाल्या, "पाहू." त्या हा शब्द एकदाच म्हणाल्या आणि विषय संपला.

श्रावण आला. एका सकाळी यादोराव येऊन ओट्यावर बसले. चहा घेतला. पावसाचं बोलले, भातावरच्या किडीचं बोलले. नजर सारखी जीपच्या छपराकडं जात होती.

"बीज आलं का?" काकूंनी विचारलं.

"आलं ना वहिनी. सडकेवर ठेवून हाये. शेवंता माय बसली हाये पिशव्यापाशी."

"मंग मले काय सांगतं? मॅडमले सांग."

यादोरावांनी माझ्याकडं पाहिलं. या माणसानं मला वाळवण तुडवताना पाहिलं होतं.

त्याआधीच्या दोन रविवारी मी दोन्ही शाफ्टांच्या क्रॉसना ग्रीस दिलं होतं, हेल्मेट घालून, जीपखाली पडून. का, ते स्वतःलाही सांगितलं नव्हतं. मी किल्ली घेतली.

डांबरीवर 'आराम'. चिखलाच्या तोंडाशी मी सगळ्यांना सांगून दांडा खाली दाबला. मी कान देऊन होते. खालून फक्त ओढीचा आवाज आला, चारी चाकांचा, जाडा आणि निरोगी. चिखल गेला. पाळ आली. मी जीप फिरवली आणि तिची पाठ पाळीकडं केली.

"मॅडम," यादोराव म्हणाले, "आता त चारी चालून राहिले ना? उलटी कायले?"

"पुस्तकात लिहिलंय," मी म्हणाले.

ते खाली उतरले, पुढं गेले आणि कुणी न सांगता बोनेटवर चढून बसले. त्यांच्यामागून बाकीचे तिघं. वजनाची काही गरज नव्हती. जीप एका दमात, न थांबता, उलटी माथ्यावर पोचली. मागं पाणी होतं.

मी इंजिन बंद केलं. हँडब्रेक ओढला. नेहमीसारखं तेल होतंच, जीप हळूच उताराकडं सरकायला लागली. मी पायानं ब्रेक दाबून धरला आणि थांबले. कशासाठी थांबले आहे ते लक्षात यायला जरा वेळ लागला. गोटा माझ्याच आसनाखाली होता, आणि तो लावणारी मी स्टिअरिंगवर होते.

माझ्या वाचनालयात भिंतीवर पाटी आहे, 'कृपया शांतता राखा'. बारा वर्षांत मी तिच्याखाली कधी आवाज चढवलेला नाही. त्या दिवशी मी गोटा खिडकीतून बाहेर धरला आणि ओरडले,

"यादोराव, गोटा!"

पलीकडच्या काठावरचे बगळे उडाले. मागून शेवंताबाई म्हणाल्या, "हिले आवाज हाये त मंग!" आणि यादोराव बोनेटवरून उडी मारून, धोतर सावरत, हसत धावत आले. गोटा चाकाखाली धप्पकन बसला.

मी ब्रेकवरचा पाय काढला. जीप जागची हलली नाही.